हात घातलेल्यांची नोंद

दूध संकलन केंद्रावरच्या माझ्या वहीत सहा रकाने आहेत. तारीख, वेळ, नाव, लिटर, फॅट आणि शेरा. पहिले पाच वरच्या ऑफिससाठी. सहावा माझा. तिथे खरं तर 'आंबूस वास', 'कॅन धुतलेला नाही' एवढंच लिहायचं असतं. पण माणूस सकाळी कॅन टेकवतो, फॅट निघेपर्यंत चार-पाच मिनिटं रिकामा उभा राहतो, आणि रिकामा माणूस गप्प राहत नाही. बारा वर्षांत मला एवढं कळलंय की दुधात पाणी घालणारा हवेबद्दल फार बोलतो, घरी भांडून आलेला माझ्याशी फॅटवरून भांडतो, आणि ज्याच्या हातून काही झालेलं नसतं तो सगळ्यात लांबलचक सांगतो. हे सगळं मी शेऱ्यात बारीक अक्षरात उतरवते. ऑफिसमधल्या कुणी आजवर वाचलेलं नाही, म्हणून नोकरी शाबूत आहे.

त्या आठवड्यात शेऱ्याला जागा पुरेना. हातवाल्या आजींच्या ठिपकी गायीने खाणं सोडलं होतं.

आजींना हातवाल्या म्हणतात, कारण त्यांचा हात. शाळकरी मुलीएवढा लहान, पण मनगट सुताराचं. कुणाच्या जनावराच्या घशात काही अडकलं की चाळीस वर्षं एकच बोलावणं. आजी येणार, बाह्या सारणार, कुणालातरी जीभ बाजूला ओढून धरायला सांगणार आणि हात आत. अख्खा बटाटा काढलाय, मक्याचं कणीस काढलंय, एकदा छत्रीची मूठ काढली. छत्रीवाला अजून म्हणतो, ती माझी नव्हतीच.

ठिपकी मान ताणून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, गिळायला बघायची आणि गिळता यायचं नाही, हंबरली तर आवाज बसलेला. जनावरं पाळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो एकच सांगेल, घशात काहीतरी अडकलंय. सोमवारी आजींनी हात घातला. तीनदा चाचपलं. हात बाहेर काढला तेव्हा बोटांच्या पेरांवर दाढांचे तीन ओरखडे होते.

"आहे काहीतरी," आजी म्हणाल्या. "खोल आहे."

झालं. आजींच्या हाताला जे निघालं नाही ते आपण काढलं तर केवढं नाव होईल! मंगळवारपासून गोठ्यात रांग लागली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे कॅन टेकवून प्रत्येकाचं वर्णन. चारावाला म्हणाला, "कोपरापर्यंत घातला. बोटाला लागलं होतं, निसटलं." निवृत्त मास्तर म्हणाले, "मी शास्त्रशुद्ध घातला. जिभेच्या मुळाशी दोन बोटं, मग वळण." पिठाच्या गिरणीवाल्याने थेट खांदा दाखवला. त्याच्यापुढे मी शेरा लिहिला, 'गायीचं तोंड एवढं खोल नाही.' पण लिहिला.

गुरुवारी दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. आजींच्या मुलाने, म्हणजे टेम्पोवाल्याने, त्याला बोलावलं होतं. डॉक्टर वयाने लहान, अजून दाढी नीट न आलेला. ठिपकी आता मागच्या पायांवर लटपटत होती. डॉक्टर दारातच थांबला. आत गेला नाही.

"हिला मधे कधी कुत्रं चावलं होतं?"

आजींची सून गोठा सांभाळते. अकरा गायींची धार तीच काढते. ती आठवून म्हणाली, "दोन महिने झाले. भटकं कुत्रं शिरलं होतं, नाकपुडीला चावलं. थोडंसंच. मी औषध लावलं, भरून आलं."

डॉक्टरने हातमोजे चढवले आणि मागे वळून विचारलं, "हिच्या तोंडात हात कोणी कोणी घातला?"

अंगणात दहा-बारा जण होते. एरवी त्यांना गप्प करायला दूध बंद करावं लागतं.

"हा पिसाळण्याचा रोग दिसतोय," डॉक्टर म्हणाला. "लाळेतून पसरतो. बोला लवकर."

"मी? मी दारातून बघितलं," चारावाला म्हणाला.

"मी फक्त मार्गदर्शन केलं," मास्तर म्हणाले.

गिरणीवाल्याने कहरच केला. "मला तर लहानपणापासून गायीची भीती वाटते."

मी केंद्रावर गेले, वही घेऊन आले आणि वाचायला लागले. तारीख, वेळ, लिटर, फॅट, कोपरापर्यंत. तारीख, वेळ, लिटर, फॅट, शास्त्रशुद्ध.

"हे दुधाचं रजिस्टर आहे का पोलिसाचं?" चारावाला लालबुंद झाला.

"तुम्हीच बोललात, मी फक्त शाई घातली."

मजा येत होती, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात आजींनी मान वळवली. "वहीवाले, सोमवारी जीभ कोणी ओढून धरली होती? ते कुठल्या रकान्यात लिहिलंयस?"

जीभ मीच धरली होती. कॅन धुण्याच्या सोड्याने माझी बोटं बाराही महिने फाटलेली असतात. सगळ्यांसमोर मी यादीच्या शेवटी माझं नाव लिहिलं. अक्षर बारीक काढत होते, तर मास्तर म्हणाले, "जरा मोठं काढा की."

डॉक्टरने सगळ्यांना नळाखाली उभं केलं. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. धुता धुता तो सांगत होता. रोगाचा विषाणू लाळेत असतो. तो ओरखड्यातून, फाटलेल्या कातडीतून, डोळ्यातोंडातून आत शिरतो. चावलंच पाहिजे असं काही नाही. आत शिरला की नसेच्या आधाराने हळूहळू मेंदूकडे निघतो. कधी काही आठवडे लागतात, कधी महिने. तोवर माणूस खातो, पितो, हसतो, काही कळत नाही.

"आणि पोचल्यावर?" सुनेने विचारलं.

"घसा आवळतो. पाणी बघितलं तरी भीती वाटते. मग जवळपास कुणी वाचत नाही. म्हणून तो पोचायच्या आत लस घ्यायची. ज्यांना ओरखडे आहेत त्यांना जखमेतही औषध टोचावं लागेल. आजी, तुम्ही सगळ्यात आधी. रिपोर्टची वाट बघू नका, आजच जा."

आजी हात पुसत होत्या. "धुवायला माझी ना नव्हती. सुई मी घेणार नाही."

"आजी..."

"घशात काहीतरी होतं. मी आहे म्हणाले म्हणजे आहे. तू शाळेत जायच्या आधीपासून मी घशात हात घालतेय, मला शिकवू नकोस. ती मेली की फाडून बघ. निघेल."

आता हे गणित मला बसल्या जागी सुटलं. सुई घेतली की घशात काही नव्हतं हे मान्य. काही नव्हतं हे मान्य केलं की चाळीस वर्षांचा हात गेला. आजी मरणाला भीत नव्हत्या. त्यांना फक्त चुकायचं नव्हतं. आणि टेम्पोवाला दोन्ही बाजूंना मान डोलावत म्हणत होता, "रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

ठिपकी संध्याकाळी गेली. डॉक्टरने तपासणीसाठी नमुना बंद डब्यातून नेला, बाकी खोल खड्ड्यात पुरायला लावलं.

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजले तरी आजींचा कॅन आला नाही. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. मी केंद्र मदतनिसावर सोपवलं आणि निघाले. वळणावरूनच गायींचा आवाज ऐकू आला. भुकेचा आवाज वेगळा असतो. हा तुंबलेल्या कासेचा होता.

गोठ्याच्या दारात सून उलट्या बादलीवर बसली होती. हाताची घडी, पाय आडवे. आत जायला वाट नव्हती.

"हे काय गं?"

"संप."

"कोणाविरुद्ध?"

"त्यांना विचारा."

आजी अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. "बघ वहीवाले, बघ! पहाटेपासून बसलीय. ऐकतेयस ना गं? ओरडतायत त्या. कसाई आहेस कसाई!"

"आहे," सून म्हणाली. "तुम्ही सुई घ्या, मी धार काढते. आधी सुई."

"मी मेले तर तुझं बरंच आहे. गोठा तुझाच."

"काय बरं आहे त्यात? मग मी भांडायचं कोणाशी, आई? ह्यांच्याशी? हे तर कशालाही हो म्हणतात."

"हो ना," टेम्पोवाला म्हणाला आणि मग जीभ चावली.

त्याने आदल्या तासात प्रयत्न करून बघितला होता म्हणे. मागच्या खिडकीतून आत उतरला, काळीच्या खाली बसला. सहा वर्षं त्या गायींना एकाच हाताची सवय. काळीने पान्हा चोरला, वर लाथ घातली, बादली भिंतीवर. त्याच्या पँटवर खुराचा ठसा अजून ओला होता. मग आजी स्वतः उतरल्या, गुडघे दुखत असताना. एका हाताने कपभर दूध निघालं. त्या कपाची नोंद करायला माझ्याकडे रकानाच नव्हता.

दारातून मला आतलं दिसत होतं. तांबडीच्या सडांतून दूध आपोआप गळत होतं, थेंब थेंब, फरशीवर. सुनेची त्या बाजूला पाठ होती, पण तिला दिसल्यासारखं ती म्हणाली, "ती तांबडी आहे. तिला सूज लवकर येते. आता जी ओरडली ती काळी. मला आवाज कळतात, आई. एकेक कळतो. तरी मी उठणार नाही." गालावरून पाणी वाहत होतं आणि जबडा दाराच्या कडीसारखा घट्ट होता.

"तुला माझी चूक वदवून घ्यायचीय," आजी म्हणाल्या.

"मला चूकबीक काही नको. म्हणा की तिच्या घशात दगड होता. अख्खा वरवंटा होता म्हणा. चारचौघांत सांगा, मीही हो म्हणेन. पण सुई घ्या."

आजी थांबल्या. एवढी मोठी सूट त्यांना कुणी देईल असं त्यांना वाटलं नसावं. मग म्हणाल्या, "तू धार काढायला बस, मी जाते."

"आधी जा."

"शब्द देते."

"तुमच्या शब्दावर पाच जणांनी हात घातले."

टेम्पोवाल्याने डोळे मिटून घेतले. मीही वहीत बघायला लागले, वही बंद होती तरी. सासूला असं कुणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि मी पुष्कळ ऐकते.

"वहीवाले," आजी म्हणाल्या, "लिही. सून सासूला काय बोलली ते लिही."

मी लिहिलं.

"वेळ टाक."

आठ वाजून दहा मिनिटं. टाकली.

"आता चपला शोध माझ्या. कुणीतरी लाथेने उडवल्यात." मग मुलाकडे वळून, "टेम्पो काढ, नंदीबैला!"

सून बादलीवरून हलली नाही. मला म्हणाली, "तुम्ही पण जाताय ना? टोचल्यावर फोन करा. टोचल्यावर हं. पोचल्यावर नाही."

दवाखाना टेम्पोने वीस मिनिटांवर. लांब बोळ, हिरवट भिंती, भिंतीला टेकलेली बाकडी. आणि त्या बाकड्यांवर एकमेकांपासून लांब लांब, वर्तमानपत्रात तोंडं घालून आमची सगळी यादी. मास्तर रक्तदाब बघायला आले होते. चारावाला डोळे तपासायला. गिरणीवाला म्हणाला, मेहुणीला भेटायला आलोय, आणि मेहुणी कुठल्या वॉर्डात ते त्याला सांगता येईना.

सिस्टर दारात आली. धिप्पाड बाई, चष्मा कपाळावर. "गायीच्या तोंडात हात घातलेले कोण? जनावरांच्या डॉक्टरांनी कालच फोन केलाय. सात जण म्हणाले."

गिरणीवाल्याने पान उलटलं.

"कोणीच नाही? बरं. मग मी बसते जरा."

"मी," आजी म्हणाल्या.

उभ्या राहिल्या त्या बोळाच्या मधोमध. मला वाटलं, आता वरवंटा येणार.

"पहिला हात माझा. तीनदा चाचपलं. घशात काही नव्हतं. मऊ, ढिला घसा, गिळायची ताकदच गेलेली. माझ्या हाताला कळलं होतं सोमवारीच. पण बाहेर माणसं उभी होती, आणि हात रिकामा बाहेर काढायची मला सवय नाही. म्हणून आहे म्हणाले. तुम्ही सगळे त्या शब्दावर आत हात घालून आलात. आता इथे पेपर कसले वाचताय? उठा!"

पेपर आणखी वर सरकले.

"उठा, नाहीतर वहीवाली मोठ्याने वाचेल."

मास्तर पहिले उठले. मग चारावाला. गिरणीवाला सगळ्यात शेवटी आला आणि सिस्टरच्या कानाशी म्हणाला, "मी फक्त मनगटापर्यंत घातला हो." मी त्याच्या शेऱ्यात दुरुस्ती करून घेतली.

आजींना वजनकाट्यावर उभं केलं. जखमेत टोचायचं औषध वजनावर ठरतं. मग तीन ओरखड्यांच्या कडेकडेने सुई, बोटाच्या पेरावर, जिथे मांस नसतंच. मी तोंड फिरवलं. आजींनी फिरवलं नाही.

"डोळ्यांत पाणी आलंय आजी, थांबू का?"

"तुझ्या औषधाचा वास उग्र आहे. टोच तू."

दंडात लस दिली आणि सिस्टरने कार्ड लिहिलं. "लस अंगाला लढायला शिकवते. शिकायला दिवस लागतात. तोवर हे जखमेतलं औषध दार अडवून धरतं. आज झाली. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम भरली म्हणून चुकवायची नाही."

"चुकवली तर?"

"चुकवायची नाही," सिस्टर परत म्हणाली, तेवढ्याच आवाजात. आजींना ती आवडली हे मी लगेच ओळखलं.

माझी पाळी यायच्या आत मी फोन लावला. आजींनी तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"टोचली. चार ठिकाणी. सिस्टरशी बोलायचंय तुला? विश्वास नाही ना! ...मग ऊठ आता, कसाई."

पलीकडून पत्र्याचा आवाज आला, बादली सरळ झाल्याचा. आजींनी फोन ठेवला नाही. कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "तांबडीपासून सुरुवात केलीय. शहाणी आहे."

सोमवारी रिपोर्ट आला. पिसाळण्याचाच रोग. डॉक्टर स्वतः केंद्रावर सांगायला आला, तेव्हा सगळे जमलेलेच होते, कारण तिसऱ्या दिवसाची सुई होती आणि आजींनी सगळ्यांना माझ्या दारात साडेसहाला हजर राहायला सांगितलं होतं. टेम्पो चालू होता. मास्तरांना आजींचं मन राखायचं होतं. ते म्हणाले, "म्हणजे एका अर्थी आजी, तुमचं बरोबरच निघालं. होतंच की घशात काहीतरी. सूक्ष्म होतं एवढंच."

"नव्हतं मास्तर," आजी म्हणाल्या. "फुकटची सूट नको मला. चढा टेम्पोत."

सातव्या दिवशी डॉक्टर लशीची पेटी घेऊन वस्तीत आला. आजींच्या उरलेल्या दहा गायींना टोचून झालं, मग कुत्र्यांची पाळी. भटकी, पाळलेली, सगळी. आजींची बोटं अजून फडक्यात होती, तरी त्या दारोदार पुढे चालत होत्या, मागे दोरी घेऊन सून, तिच्यामागे वही घेऊन मी. डॉक्टरने आजींना घरी बसा म्हणून दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा आजींनी त्यालाच पेटी नीट धर म्हणून बजावलं. सुनेने एकदाही सांगितलं नाही. ती म्हणाली, "फिरू द्या हो. घरी बसल्या तर माझं डोकं खातील." तिसऱ्या घरात कुत्रं पलंगाखाली लपवलं होतं, चौथ्यात माणूसच लपला होता. मी प्रत्येक दारावर खडूने खूण करत गेले.

गिरणीवाला उंबऱ्यात आडवा उभा राहिला. दंडावर त्याच्या स्वतःच्या तिसऱ्या सुईची पट्टी होती. मागे त्याचा केसाळ कुत्रा शेपूट हलवत होता.

"याला कशाला, आजी? गरीब आहे. हा कुणाला चावत नाही."

"माझी ठिपकी तरी कुणाला चावली होती?" आजी म्हणाल्या. "धर त्याला."